जाल तिथलेच व्हा

मी आज जो काही आहे तो गयावहिनींमुळे. गयावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्या लग्न होऊन घरात आल्या तेव्हा मी पहिलीत होतो आणि आई नुकतीच गेली होती. माझं नाक त्यांनीच पुसायचं, आणि तरीही रीत म्हणून मला 'भावजी' म्हणायचं. "भावजी, तुमी आधी नाक पुसा, मग ताटावर बसा," असं त्या मला म्हणत. गल्लीतल्या बायका हसायच्या. वहिनींनी मात्र माझा मान कधी कमी केला नाही.

दुष्काळाच्या साली मी मॅट्रिक पास झालो. आमच्या घरात तिथवर कुणी पोचलं नव्हतं. पण गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि कामावर घरातले जितके हात जातील तितकं बरं, असे ते दिवस होते. वडील म्हणाले, "कालेज कुठं पळून जातंय? पाऊस पडल्यावर जा." वहिनी चुलीपुढं होत्या. तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "मामा, पाऊस कदी पडल ते कुणाला ठावं? भावजींच्या वाटची मातीची पाटी म्या उचलते." सासऱ्यांपुढं त्या एवढं बोललेल्या मी पहिल्यांदाच ऐकलं. वडील काही न बोलता उठून बाहेर गेले. त्यांच्या नाही म्हणण्याची तऱ्हा वेगळी होती, त्यामुळं हा होकार हे सगळ्यांना कळलं.

गावाजवळच्या ढोकीच्या स्टेशनवर मला सोडायला वहिनीच आल्या, कारण दादा कामावर होता. तेव्हा आमच्याकडं अरुंद रुळांवरची छोटी गाडी होती. ती कुर्डुवाडीपर्यंत न्यायची आणि तिथून मोठी गाडी पुण्याला. वहिनींच्या पदराला तलावावरची पांढरी माती तशीच होती. फडक्यात रेशनवरच्या मिलोच्या भाकरी होत्या. ती परदेशी ज्वारी लालसर, भाकरी थापताना चिरा पडायच्या, आणि खाणारा ती दुष्काळावर राग काढत खायचा. गाडी हलली तशा वहिनी खिडकीबरोबर चालू लागल्या. "भावजी, येक ऐका. जाल तिथलेच व्हा. सारकं मागं वळून बगू नका."

मी ते अक्षरशः पाळलं. पुण्यात कॉलेजच्या बागेत काम करून शिकलो, बी.एस्सी. झालो. एकदा वर्गात तोंडून 'लई' निघालं, तर मागच्या बाकावरून आठवडाभर 'लई, लई' ऐकू येत राहिलं. मग मी 'लई'चं 'खूप' केलं, 'हाय'चं 'आहे' केलं. एका औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळेत नोकरी लागली. सुधाशी लग्न झालं. ती पुण्यातलीच, बालवाडीत शिकवणारी. "तुम्ही मूळचे पुण्याचेच ना?" असं कुणी विचारलं की मला बरं वाटायचं. वाटायचं, वहिनींनी सांगितलं तसं झालोय.

अशा वेळी पेपरात जाहिरात दिसली. ढोकीच्या साखर कारखान्याला प्रयोगशाळेत माणूस हवा होता. मी अर्ज टाकला, का ते मलाही नीट सांगता येत नव्हतं. मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा मात्र घाबरलो. ज्या स्टेशनवरून वहिनींनी मला काढून दिलं, त्याच स्टेशनवर परत उतरायचं? मग त्या मातीच्या पाट्या कशासाठी उचलल्या? सुधा म्हणाली, "मला विचाराल तर मी येते. पण तिथं जाऊन मोठा त्याग केल्यासारखं तोंड करून बसायचं नाही. ते मला नाही चालणार. आणि आधी वहिनींना विचारा."

विचारलं, आणि तिथंच घोटाळा झाला. आमच्या गावात पत्र एकट्यानं वाचायची वस्तू नव्हती. वहिनींना अक्षरओळख नव्हती. पत्र आलं की पोस्टमन ओट्यावर बसायचा, पाणी प्यायचा आणि मोठ्यानं वाचायचा. ऐकायला शेजारपाजार जमायचा. परगावी गेलेले आम्ही सगळे त्यामुळं पत्रात एकच लिहायचो, 'इकडील सर्व ठीक'. मीही वर्षानुवर्षं तसंच लिहिलं होतं. या वेळी मात्र मनातलं सगळं लिहून बसलो. येऊ की नको, भीती काय वाटते, पुण्यात काय सलतं, सगळं.

उत्तर आलं ते अख्ख्या गावाचं. शाळेतल्या मास्तरांनी आळीपाळीनं सगळ्यांचं लिहून घेतलं होतं. 'सखाराम आप्पा म्हणतात, येणार असाल तर या, पण पुण्याची खोली सोडू नका, आमच्या बाळूला परीक्षेला उतरायला लागते. काशीकाकू विचारतात, नोकरीवरून काढलं का? खरं सांगावे, आम्ही कुणाला सांगणार नाही. तुमचे दादा म्हणतात, वहिनीला विचार. प्रस्तुत लेखकाचे मत, येऊ नये, क्षमा असावी.' आणि शेवटी एक ओळ, 'गयाबाई काही बोलल्या नाहीत. पत्र ऐकून पाण्याला गेल्या.'

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी गावी पोचलो. वेशीपासून घरापर्यंत येताना निम्म्या गावानं मला निर्णय विचारला. वहिनी अंगणात शेंगा फोडत होत्या. मी शेजारी बसलो आणि फोडू लागलो. त्यांनी सूप माझ्याकडं सरकवलं. मग म्हणाल्या, "येवढं समद्या गावाला ऐकवलंत. मला येकटीला इचारायचं तर यायचं हुतं."

"आलो की आता, वैनी. सांगा. परत आलो तर तुम्हाला वाईट वाटेल का?"

"लोक म्हनतील, शेरात टिकला न्हाय."

"आणि तुम्ही?"

त्यांनी हातातली शेंग सुपात टाकली. "म्या इचारते ते सांगा. कशापायी यायलाव? म्या पाटी उचलली, ती फेडाय यायलाव व्हय?"

माझ्या मनात तेच होतं. तेच चांगलं कारण आहे अशी माझी समजूत होती.

"मग येऊ नका," त्या म्हणाल्या. "फेडून तुमी मोकळे व्हाल. मला तुमाला मोकळं करायचं न्हाय. उद्या काम बगा. ते आवडलं तर या, न्हाय तर पुन्यातच ऱ्हावा. आन् आलात तर पाव्हण्यावानी ऱ्हाऊ नका. जाल तिथलेच व्हा, हे म्या काय निस्तं पुन्यासाटी म्हनलं नव्हतं."

मी उठायला लागलो, तेव्हा त्यांनी जरा लाजत सांगितलं, संध्याकाळी मंदिरात बायकांचा प्रौढ शिक्षणाचा वर्ग भरतो आणि त्या जातात. "जोडाक्षरं अजून शिकवली न्हाईत. पण त्येच्याबिगर लिवलं तर वाचते. आता कागद धाडलात तर मला वाचता यील असा धाडा. पोस्टमनला निस्तं पाणी पाजीन."

दुसऱ्या दिवशी कारखान्यावर गेलो. गळीत चालू होतं. फाटकाबाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग होती, हवेत मळीचा आंबूस वास. मुलाखत झाली आणि तिथल्या साहेबांनी प्रयोगशाळा दाखवली. नुकत्याच आलेल्या उसाचा रस होता, तो मला तपासायला दिला. साखरेचा आकडा चांगला आला. दाराशी उभ्या गाडीवानानं विचारलं, "सायेब, कसा हाय?"

"गोड आहे," मी म्हणालो, आणि लगेच म्हणालो, "लई गोड हाय."

तो खूश झाला. "बरं झालं बगा!"

"तुमचा का ऊस?"

"माजा कुठला! पन वढून तर म्याच आणलाय की."

पुण्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या आकड्यानं यायच्या आणि आकड्यानं जायच्या. दाराशी उभं राहून 'कसा आहे' असं मला तिथं कधी कुणी विचारलं नव्हतं. त्या नोकरीनं मला घडवलं, तिला मी नावं ठेवणार नाही. पण त्या गाडीवानाच्या तोंडावरचा आनंद पाहिला आणि मला हे काम रोज करावंसं वाटलं. वहिनींनी मागितलेलं कारण सापडलं होतं.

आम्ही ढोकीला आलो. कारखान्याच्या वसाहतीतल्या दोन खोल्या, पाण्याची ठरलेली वेळ, भोंग्यावरून लावलेलं घड्याळ. सुधाला पहिल्या उन्हाळ्यात पुण्याची फार आठवण यायची. ती तसं उघड म्हणायची, आणि मग वसाहतीतल्या पोरांची बालवाडी भरवायला जायची. काशीकाकू बरीच वर्षं सगळ्यांना सांगत होत्या की मला कंपनीतून काढलं. मीही ते खोडून काढायचं सोडून दिलं. वहिनी आता जाड चष्मा लावून पेपर वाचतात, आधी निधनाच्या बातम्या आणि मग पाऊस.

हे वाचणाऱ्या गावकऱ्यांनो, तुमच्यातले जे तिकडेच राहिले, पुण्याला, मुंबईला, कुणी आखातात, त्यांना मी परत या असं म्हणत नाही. जे कधी गेलेच नाहीत त्यांना जा असंही नाही. घर म्हणजे मागं राहिलेली जागा, असं मी गाडीच्या खिडकीत बसून धरून चाललो होतो. आता वाटतं, ज्या कामाला सकाळी उठून जावंसं वाटतं आणि ज्या लोकांना आपण उत्तर द्यायला बांधलेले असतो, त्यांच्यामध्ये कुठंतरी घर असतं. ते मला ढोकीत मिळालं.

मुलाखतीनंतर पुण्यात परतल्यावर वहिनींना मी जे पत्र पाठवलं, ते लिहिताना बरेच कागद फाडले. एकही जोडाक्षर येऊ द्यायचं नव्हतं, आणि शिकल्यापासून एवढं साधं लिहायची सवय मोडली होती. शेवटी मोठ्या अक्षरात लिहिलं ते असं:

वैनी, पाया पडतो.

हा कागद तुमीच वाचा. कुणाला देऊ नका.

नोकरी घेतली. सुधा पण येते. ती आनंदात आहे, मी पण.

तुमी उचललेली पाटी मी फेडणार नाही. ती तुमचीच राहू दे. मला ते काम आवडलं. तेवढंच कारण.

रविवारी जेवायला येत जाऊ. मिलोची भाकरी नको.

गाडी सुटताना जे बोललात ते मी विसरलो नाही. आता गाव ढोकी. मी तिथलाच होईन.