सडेतोडरावांचं अकरावं प्रकरण

सडेतोडरावांना कुणी चांगलं म्हटलेलं खपत नसे. ‘तुमचा कालचा लेख झकास होता’ असं म्हणणाऱ्याकडे ते असे बघत, की आपल्या तोंडून चुकून एखादी शिवी तर गेली नाही ना, अशी त्या बिचाऱ्याला शंका यावी. मग सोलापूरच्या भर नव्या पेठेत त्याला उभं करून विचारत, “झकास म्हणजे काय? तुम्हाला काहीच लागलं नाही? मग माझंच लिहायचं चुकलं.” आणि पुढच्या आठवड्यात त्या माणसाच्या जातकुळीवर लेख येई. तो वकील असला तर वकिलांवर, मास्तर असला तर मास्तरांवर. त्यांच्याशी गोड बोलणं कुणालाच परवडत नसे.

सडेतोडराव हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. नाव दत्तात्रय. पूर्वी ते एका वकिलाकडे कारकून होते. ‘तुमची बाजू मुळातच खोटी आहे’ असं त्यांनी एकदा पक्षकाराला वकिलासमोर सांगितलं आणि ते काम सुटलं. त्यानंतर ते एका साप्ताहिकात राजकारणावर लिहू लागले. सरकार, नगरपालिका, गिरण्यांचे मालक, मजुरांचे पुढारी, खादीवाले, खादी न घालणारे, कुणालाही त्यांनी सोडलं नाही. मी त्या काळात पेठेतल्या वाचनालयाचा ग्रंथपाल होतो. ते रोज तिथं येत, म्हणजे त्यांचा ताप रोज मला असे.

ताप म्हणतो, पण वाचनालय चालत होतं ते त्यांच्या आवाजावर. संध्याकाळी गाडीनं पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रं आली, की सडेतोडराव ओट्यावर बसून ती मोठ्यांदा वाचत. ज्यांना वाचता येत नसे ते ऐकायला बसत आणि ज्यांना येत असे तेही बसत, कारण दर दोन ओळींनंतर सडेतोडरावांची टिप्पणी असे. माग बंद करून आलेले तेलुगू विणकर, शाळेतले मास्तर, बाजाराला आलेले टेंभुर्णीकडचे शेतकरी असा सगळा मेळा जमे. आणि खांबाला टेकून, डोळे मिटून, रोज ठरल्या जागी बसत ते चन्नप्पा.

चन्नप्पांचं कापडाचं दुकान वाचनालयापासून चौथं. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. आमच्या पुस्तकांच्या बांधणीला लागणारं कापड त्यांच्याकडून फुकट येई, त्यामुळे आमची सगळी कपाटं त्यांच्या दुकानाच्या रंगांची होती. ते आणि सडेतोडराव लहानपणी एका गल्लीत वाढलेले. सबंध सोलापुरात सडेतोडरावांना ‘दत्तू’ म्हणणारा हा एकच माणूस. वाचन संपलं, की चन्नप्पा डोळे उघडून “आज लई तापलास की, दत्तू” एवढंच म्हणत आणि दोघं पान खायला जात. वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

मग सडेतोडरावांनी पुस्तक काढलं. नाव ‘तोंडावर’. बारा प्रकरणं. प्रस्तावनेत लिहिलं होतं, की मी पाठीमागं बोलत नाही, जे बोलायचं ते तोंडावर बोलतो. त्या पुस्तकानं माझ्या नाकी नऊ आणले. अर्धं गाव म्हणे, असं पुस्तक झालं नाही. अर्धं गाव म्हणे, ते बंबात घाला. पण थोड्याच दिवसांत मला या मतभेदातली ग्यानबाची मेख कळली. ज्याच्यावर जे प्रकरण होतं, ते सोडून बाकीचं सगळं पुस्तक त्याला पटत होतं. वकिलांनी तिसरं प्रकरण वगळून पुस्तकाची तारीफ केली. मजुरांच्या एका पुढाऱ्यानं मालकांवरचं चौथं प्रकरण सभेत वाचून दाखवलं आणि पाचवं त्याच्यावर होतं म्हणून तिथंच पुस्तक मिटलं. हेडमास्तरांनी प्रत परत केली तेव्हा शिक्षणावरच्या प्रकरणाची पानं टाचणीनं बंद केलेली होती. मी टाचणी काढली, पुढच्या वाचकानं ती दुसऱ्या प्रकरणाला लावली. नेमकी माझीही तीच गत होती. वाचनालयांवर दीड पान होतं. ते मला अत्यंत उथळ वाटलं.

आमच्याकडे वाचकांच्या अभिप्रायाची एक वही दोरीनं टेबलाला बांधलेली असे. सडेतोडराव रोज येऊन आधी ती वही उघडत. ‘बेजबाबदार लिखाण’ वाचून त्यांची कळी खुले. ‘उत्तम’ दिसलं, की खालची सही बघून त्या माणसाच्या घरी भांडायला जात. अशानं माझे वर्गणीदार कमी व्हायला लागले. मी सांगून पाहिलं, हात जोडून पाहिले. जित्याची खोड, दुसरं काय!

गावाचं ज्यावर एकमत झालं ते फक्त अकरावं प्रकरण. ते होतं ढोंगी स्वदेशीवर. त्यात नाव नव्हतं, पण खांबाला टेकून डोळे मिटून बसणारा कापडवाला म्हटल्यावर नावाची गरज काय? हा गृहस्थ सभेत स्वदेशीची शपथ घेतो आणि दुकानात मडमेच्या चित्राचे विलायती तागे रचतो, असं स्वच्छ लिहिलं होतं. मी स्वतः सडेतोडरावांना म्हणालो होतो, की हे प्रकरण सर्वांत जमलंय. त्यांनी नेहमीसारखं माझ्यावर डाफरायला हवं होतं. त्यांनी नुसती अभिप्रायाची वही उघडली.

चन्नप्पा ओट्यावर यायचे बंद झाले. त्यांच्या दुकानाच्या पायरीवर शाळा-कॉलेजातली पोरं धरणं धरून बसू लागली. एका सकाळी कुणीतरी उंबऱ्यावर हिरव्या बांगड्या ठेवून गेलं. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाऊ लागलं. चन्नप्पा गादीवर बसून राहत, कुणाशी अवाक्षर बोलत नसत. इकडे सडेतोडराव रोज वाचन संपल्यावर, पानं घडी करता करता, अगदी सहज विचारल्यासारखं मला विचारत, “चन्नप्पानं नेलं का हो पुस्तक?” मी नाही म्हणायचो. “वाचायला नको? वाचून येऊन भांडायला नको? तोंड चुकवतोय, याचा अर्थ उघड आहे.” हे मी रोज ऐकत होतो. खांबाजवळची जागा मात्र त्यांनी कुणाला बसू दिली नाही. एक मास्तर चुकून बसले, तर त्यांना ऊन लागेल म्हणून उठवलं. संध्याकाळी साडेसहाला!

इतक्या हातांतून फिरून आमची प्रत खिळखिळी झाली. बांधणी करायची तर कापड चन्नप्पांकडचं. मला ब्रह्मांड आठवलं. ज्या पुस्तकानं त्यांची अब्रू घेतली, त्यालाच वेष्टन त्यांच्याकडून मागायचं! तरी गेलो. धरणं धरलेल्या पोरांना ओलांडून वर चढलो आणि मान खाली घालून काम सांगितलं. चन्नप्पांनी मागं हात करून एक तागा ओढला, त्याचं वरचं टोक चिकटवलेल्या छापील तिकिटासकट फाडलं आणि माझ्या हातात दिलं.

“ह्ये घ्या, मास्तर. त्याला हेच बरं दिसंल.”

वाचनालयात येऊन मी कापड उलगडलं. तिकिटावर छत्री घेतलेली मडम होती. तीच, अकराव्या प्रकरणातली. वर इंग्रजी अक्षरांत काहीबाही झोकदार नाव. आणि अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, गिरणीचं नाव आणि गावाचं नाव. गाव सोलापूर. आमच्याच गिरण्या गिऱ्हाइकाला भुलवायला असली तिकिटं लावत, हे गिरणीत जाणाऱ्या कुठल्याही पोराला माहीत होतं. माहीत नव्हतं ते राजकारणावर लिहिणाऱ्यांना आणि त्यांचं प्रकरण जमलंय म्हणणाऱ्या ग्रंथपालांना.

संध्याकाळी मी ते तिकीट सडेतोडरावांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, पुन्हा पुसला. मी विचारलं, “तुम्ही तागे हातात घेऊन पाहिले होते ना?”

“रस्त्यावरून पाहिले.”

“पायरी चढून विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर लिहिता आलं नसतं,” ते म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच वर्तमानपत्रं वाचायची राहिली.

आता कुणीही शहाणा माणूस काय करील? चार पावलं चालून चन्नप्पांच्या दुकानात जाईल. सडेतोडराव गेले नाहीत. त्यांनी दौत-टाक मागितला, आमच्या प्रतीत अकराव्या प्रकरणाच्या माथ्यावर लिहिलं, ‘हे खोटे आहे. मी नीट पाहिले नाही,’ आणि खाली पूर्ण सही केली. दुसऱ्या दिवसापासून ज्यानं ज्यानं पुस्तक घेतलं त्याच्या घरी जाऊन ते त्याच्या प्रतीत हेच लिहू लागले. बरोबर मी, कारण प्रती वाचनालयातूनच विकल्या होत्या आणि कुणाकडे प्रत आहे ते मला ठाऊक. पार सात रस्त्याच्या चौकापर्यंत आम्ही उन्हातून वणवण केली. लोकांत पुन्हा दोन तट पडले. काहींनी मुकाट्यानं प्रत पुढे केली. काही म्हणाले, “छापलं ते छापलं, आमचं पुस्तक खराब करू नका.” एका वकिलांनी तर कमालच केली. म्हणाले, “अहो, एवढं एकच प्रकरण मला मनापासून पटलं होतं. तेच कसं खोटं?” सडेतोडराव त्यांच्याशी तासभर भांडले. आपणच लिहिलेलं खोटं ठरवायला भांडणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

आठवडाभर हे चाललं. रोज परत येताना ते चन्नप्पांचं दुकान आलं, की पलीकडच्या बाजूनं चालत. शेवटी माझा संयम सुटला. मी भर रस्त्यात म्हणालो, “सगळ्या गावाला शाई लावून झाली. ज्याच्या तोंडाला काळं फासलंत त्याच्याकडे कधी जाणार? का तेही मीच जाऊन सांगू?” आयुष्यात मी त्यांच्याशी तेवढं एकदाच सडेतोड बोललो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पायरी चढले.

चन्नप्पा गादीवरच होते. सडेतोडरावांनी शाईची ओळ लिहिलेली प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि उभेच राहिले. म्हणाले, “वाच. वर काय लिहिलंय ते वाच.”

चन्नप्पांनी पुस्तक हातात घेतलं नाही. “मला तुमची अक्षरं येत न्हाईत की, दत्तू. मी कानडी शाळंतला. तुला म्हाईत हाय.”

सडेतोडराव गादीच्या कडेला बसले. महिनाभर ज्याला ‘तोंड चुकवतो’ म्हणत होते, त्याला मराठी वाचताच येत नव्हतं. मला ठाऊक नसणं समजू शकतो. पण एका गल्लीत वाढलेल्या माणसाला? पुढे ते मला म्हणाले, “वीस वर्षं मीच वाचून दाखवत होतो हो. त्याला वाचता येत नाही हे त्यामुळंच विसरलो.”

“लोक काय काय सांगत्यात,” चन्नप्पा म्हणाले. “लोकांचं मला काय करायचंय? तू वाचून दाखीव. पैल्यापासनं.”

आणि त्यांनी खांबाला टेकावं तसं मागच्या ताग्यांना टेकून डोळे मिटले. सडेतोडराव वाचू लागले. तोच आवाज, जो ओट्यावरून रस्त्यापर्यंत जाई, तो दुकानाच्या उंबऱ्यापर्यंतही पोचेना. ढोंगी या शब्दापाशी ते थांबले. चन्नप्पा डोळे न उघडता म्हणाले, “फुडं.” मडमेचे तागे आले तेव्हा पुन्हा थांबले. पुन्हा “फुडं.” पायरीवरची पोरं केव्हाच उठून आत वाकून ऐकत होती. शाईच्या ओळीसकट सारं प्रकरण वाचून झालं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

चन्नप्पांनी डोळे उघडले. “लई चांगलं लिवलंयस की, दत्तू. पर ह्यो मानूस मी न्हाय.”

या स्तुतीवर मात्र सडेतोडराव भांडले नाहीत. पंच्याचं टोक डोळ्यांना लावून बसून राहिले. चन्नप्पांनी पानाचा डबा पुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी पोरांनी धरणं उठवलं आणि चन्नप्पा खांबाजवळ येऊन बसले.

त्यानंतर सडेतोडरावांनी एक नवा नियम केला आणि सगळ्यांना नव्यानं वैताग दिला. ज्याच्यावर लिहायचं त्याला आधी समोर बसवून वाचून दाखवायचं आणि मग छापायचं. नगरपालिकेच्या सभासदांना ते घरी जाऊन वाचून दाखवत. कुणी दार लावून घेई. एकानं कुत्रं सोडलं. लेख वेळेवर येईनासे झाले, संपादक कपाळाला हात लावून बसले. पण जे छापलं जाई, त्यातली ओळ कुणाला खोटी म्हणता आली नाही. वाचनालयावरचं दीड पान त्यांनी मला नव्यानं लिहून वाचून दाखवलं. ते पहिल्यापेक्षा कडक होतं आणि मला मुकाट्यानं ऐकून घ्यावं लागलं.

छातीच्या दुखण्यानं ते गेले तेव्हा फारसे म्हातारे नव्हते. गाव त्यांच्या पाठीमागंही दोन तटांत राहिलं. शोकसभेत दोन वक्ते भांडले. ओट्यावरचं वाचन माझ्याकडे आलं. माझा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जात नाही, तरी चन्नप्पा रोज येत.

हे लिहून झालं तेव्हा अडचण आली. त्यांच्याच नियमाप्रमाणे हे छापण्याआधी त्यांना वाचून दाखवायला हवं होतं. शेवटी मी चन्नप्पांच्या दुकानात गेलो आणि त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवलं. त्यांनी ताग्यांना टेकून डोळे मिटले होते. मध्ये मी एकदोनदा अडखळलो, तेव्हा “फुडं” म्हणाले. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

“शिव्या कमी पडल्या, मास्तर,” ते म्हणाले. “पर मानूस त्योच हाय.”