निळा पक्षी आणि माझी आमटी

विद्वांस काकांची सगळ्यात लाडकी प्लेट मी खराब केली होती.

आज सकाळी काका गेले. म्हणून सांगतेय. एरवी मी इथे काही लिहीत नाही, माहितीये तुम्हाला.

काका-काकू आमच्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले खाली. काकांची सगळी नोकरी इथल्याच, जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात झाली. काम काय, तर पार्टमध्ये भेग आहे का ते शोधायचं.

रिटायर झाल्यावर ते प्लेट्समध्ये भेगा शोधायला लागले.

डेन्मार्क, स्वीडन, फिनलंडच्या जुन्या प्लेट्स. हाताने रंगवलेल्या. पानं, मासे, नासपती, पक्षी. दर शनिवारी फ्लोमार्क्टला, म्हणजे जुन्या बाजारात, जाऊन जुन्या सामानाच्या ढिगातून एखादी उचलून आणायचे.

काकू म्हणायच्या, "अहो, जेवणारे आपण दोघं. कोणाची पंगत बसवायचीय?"

"या जेवायच्या नाहीयेत गं."

"मग काय, ओवाळायच्या आहेत?"

आता माझं. पुण्याहून आलो तेव्हा मी बारा वर्षांची. जर्मन कळायला लागलं, पण वर्गात तोंड उघडायचं नाही. इथे वर्गात बोलायचे वेगळे मार्क असतात. एक म्हणजे बेस्ट, सहा म्हणजे गेलं. मला सहा.

नववीत एकदा रेफेराट होता, म्हणजे सगळ्यांपुढे उभं राहून विषय सांगायचा. मी नुसती उभी राहिले. कोणीतरी हसलं. दुसऱ्या दिवसापासून माझं पोट दुखायला लागलं ते वर्ष संपेपर्यंत. मग शाळाच सोडली.

आईबाबा घरी आलेल्यांना सांगायचे, "ती सध्या ब्रेकवर आहे."

काकांचा गुडघा गेला होता. काकूंनी मला केलरमधून, म्हणजे तळघरातून, खोकी वर आणायला बोलावलं. तिथून सुरू झालं.

काकांनी शाळेचं एकदाही विचारलं नाही. पहिल्याच दिवशी दोन प्लेट्स समोर धरल्या आणि बोटाच्या हाडाने वाजवल्या.

"ऐक. कुठली फुटकी?"

एक टण्ण वाजली. दुसरी मेल्यासारखी.

मी दुसरीकडे बोट केलं.

"बोल की. बोट काय करतेस, पोलीस आहेस?"

"ही," मी म्हटलं.

"अगं ऐकलंस का," काका आत ओरडले, "हिचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे!"

मला कोणी असं काही म्हटलेलंच नव्हतं.

प्लेट उलटी केली की मागे बारीक दोन अक्षरं असायची, जिने रंगवली तिची. काका म्हणायचे, "ही बाई दिवसभर गप्प बसून पक्षी काढत असेल. तिला कोण विचारतंय, तू वर्गात बोलतेस का?"

लाडकी प्लेट डेन्मार्कची होती. निळा पक्षी, पोटात पानं. कपाटात मधोमध. हात लावायचा नाही.

एकदा दोघं डॉक्टरांकडे गेले होते. मी खाली प्लेट्स पुसत होते. काकू माझ्यासाठी आमटी-भात ठेवून गेल्या होत्या.

मला वाटलं, एकदाच. पक्ष्यावर जेवायचं.

जेवले. मग फोन बघत बसले. धुवायला गेले तर पक्ष्याभोवती पिवळी जाळी. वरच्या काचेसारख्या थरात केसाएवढ्या भेगा होत्या, दिसत नव्हत्या, त्यात हळद उतरली होती. साबण, सोडा, लिंबू. काही निघेना.

मी प्लेट कपाटात ठेवली आणि घरी गेले.

अकरा दिवस खाली गेले नाही. आईला सांगितलं, पोट दुखतंय. तिला हे पोट माहीत होतं. मलाही कळत होतं. शाळा गेली, मग ही एक जागा उरली होती, ती पण आता गेली.

बाराव्या दिवशी बेल वाजली. दारात काका. गुडघा धरून दोन मजले चढून आलेले. हातात ती प्लेट.

"डागाला घाबरलीस का मला?"

"दोघांना."

"मग आधी बसू दे. गुडघा बोंबलतोय."

बसले. प्लेट मांडीवर घेतली.

"कारखान्यात आम्ही काय करायचो सांगू? पार्टवर लाल रंग ओतायचो. भेग असेल तिथे रंग शिरतो. तेवढं करायला मला पगार मिळायचा. ही प्लेट मी इतकी वर्षं भिंग लावून बघतोय आणि म्हणतोय, एकदम क्लीन. तू आमटी ओतलीस आणि रिपोर्ट दिलास!"

आणि हसायला लागले. मी रडायला लागले.

मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "डाग राहू दे. पण असं गायब नाही व्हायचं बाळा. काही बिघडलं तर दोन मजले उतरायचे. बस. जमेल?"

"या," मी म्हटलं. जर्मनमधलं या, म्हणजे हो.

"ही तुझी. कपाटात ठेवायची नाही. जेवायचं."

दर शनिवारी मी तिच्यातच जेवायचे. फ्लोमार्क्टला काका मला पुढे करायचे. "तू सांग तिला." मी विकणाऱ्या बाईला सांगायचे, इथे भेग आहे. आधी हळू. मग तिला ऐकू जाईल एवढं. त्याच बाईच्या दुकानात मी आता आठवड्यातून तीन दिवस काम करते. गिऱ्हाइकांशी बोलते. खरंच बोलते.

आज सकाळी काकूंचा फोन आल्यावर मी खोलीत जाऊन दार लावलं. पोट दुखायला लागलं, खरं खरं.

आईने पिठलं-भात केला. आज काकूंच्या घरी गॅस पेटणार नाही. ती डबा भरत होती. मी म्हटलं, "डब्यात नको. मी नेते."

पिठलं-भात पक्ष्यावर वाढला. दोन मजले उतरले.

काकूंनी प्लेट बघितली. मग कडेला बोटाचं हाड मारलं, अगदी काकांसारखं.

"वाजतेय गं अजून," म्हणाल्या. आणि चार घास जेवल्या.

सोबतच्या फोटोत पक्ष्याभोवती पिवळ्या रेघा दिसतायत ना, त्या माझ्या.

काका, आज मी आपणहून खाली गेले. उद्या पण जाईन. काकूंची काळजी करू नका.

खूप थँक्यू, काका. मनापासून नमस्कार.