अब्बांनी न केलेली सही

अम्मी गेल्यावर भाईनं अब्बांना खोर फक्कानहून आणून माझ्याकडे दुबईत, अल बर्शाला ठेवलं. आठवडाभरातच मला कळून चुकलं, की हा माणूस घरात बसू शकत नाही. हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून दारापर्यंत, पुन्हा हॉलमध्ये. माझी मुलगी अभ्यासातून डोकं वर काढून म्हणायची, "मम्मा, ही'ज वॉकिंग अगेन." रागावावं कुणावर तेच मला समजत नसे.

अब्बा रत्नागिरीहून आले तेव्हा खोर फक्कानला डोंगरातून धड रस्ता नव्हता, लाँचनं उतरले. मदरशातलं अरबी आणि टायपिंगची परीक्षा, एवढ्या भांडवलावर त्यांनी बाजारात टेबल टाकलं. भाडेकरार, मुखत्यारपत्रं, मच्छीमारांच्या भागीदाऱ्या, मिटलेल्या भांडणांचे कागद, सगळं त्यांच्या हातून जायचं. पुढं टेबलाचं टायपिंग सेंटर झालं. गावात नवा आलेला आपल्याकडचा माणूस आधी अब्बांना भेटायचा, मग खोली शोधायचा.

आता कामं मोबाइलवर होतात, दुकान ओस पडलेलं. भाईला ते मोडायचं होतं आणि त्यासाठी अब्बांचं मुखत्यारपत्र हवं होतं. मसुदा मीच तयार केला. मी दुबईत एका वकिलाकडे हेच काम करते. अब्बांनी तो नीट वाचला, अरबीतला एक शब्द बदलायला सांगितला, आणि पुन्हा चालायला लागले.

नोटरी तरुण इमाराती बाई होती. तिनं मजकूर वाचून दाखवला आणि आम्हा भावंडांकडे न बघता अब्बांना अरबीत विचारलं, "हे तुम्ही तुमच्या मर्जीनं देताय ना?"

नेहमीचाच प्रश्न. लोक मान हलवतात आणि सही करतात. अब्बांनी पेन उचललं, मग खाली ठेवलं.

"अब्बा, यल्ला, करा सही," भाई हळूच म्हणाला.

"मर्जी नाही," अब्बा त्या बाईला म्हणाले.

तिनं कागद परत केले. खलास.

पार्किंगमध्ये भाई फार चिडला. इतके दिवस तोंड का उघडलं नाहीत, माझी रजा फुकट गेली, असं बरंच बोलला. अब्बा गाडीला टेकून ऐकत होते. मग म्हणाले, "जन्मभर मी लोकांना हे विचारत आलो. मला आज पहिल्यांदा कुणी विचारलं."

मी अब्बांना तिथूनच खोर फक्कानला घेऊन गेले आणि एकटी परतले.

तो हिवाळा त्यांनी दुकानात काढला. फोनवर सांगायचे, आज कुणी आलं नाही. कधी म्हणायचे, एक जण आला होता, नुसता चहा पिऊन गेला. उन्हाळा लागायच्या आत त्यांनी स्वतःच भाईला बोलावलं, लायसन्स बंद केलं, सामान वाटून टाकलं. पण अल बर्शाला आले नाहीत. बंदराजवळ एका जुन्या दोस्ताच्या घरी खोली घेऊन राहिले.

सुटीच्या दिवशी मी डोंगरातले बोगदे ओलांडून त्यांच्याकडे जाते. ते बहुधा घरी नसतात, चालायला बाहेर पडलेले असतात. मी समुद्राकाठानं गाडी सावकाश चालवत त्यांना शोधते. सापडले की शेजारी बसतात, दोन मिनिटं मुलीची चौकशी करतात, आणि पुढच्या वळणावर उतरवायला सांगतात.