काट्यावरची दोन नावं

आमच्या टाइल्सच्या कारखान्यात वजनकाट्याची खोली आणि माझी गेटपासची खोली शेजारी शेजारी आहेत, मध्ये नुसता पत्रा, त्याला एक खिडकी. पलीकडे कुणी रकाबीतला चहा फुंकला तरी मला ऐकू येतं. त्यामुळे वेलजीभाई कासुंद्राची ही गोष्ट मला कुणी सांगावी लागली नाही.

वेलजीभाई सकाळच्या पाळीला काट्यावर बसायचा. सडपातळ माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, कामापुरतं बोलणं. आला की आधी खुर्ची पुसायचा, मग कीबोर्ड, मग देवीच्या तसबिरीला उदबत्ती. थानकडून, कच्छकडून मातीचे ट्रक यायचे. भरलेला ट्रक तोलायचा, आत जाऊन रिकामा झाला की परत तोलायचा, चिठ्ठी द्यायची. वेलजीभाईच्या पाळीत ड्रायव्हर चिठ्ठी घेऊन निघून जायचे. दोन वाजता हमीर गढवी यायचा, आणि मग ट्रक रिकामा होऊन उभा असला तरी ड्रायव्हर जायचं नाव काढायचे नाहीत.

हमीर अंगाने आडवा, मिशा पिळलेल्या, आणि आवाज असा की गेटपलीकडचा भजीवालाही झारा हातात धरून थांबायचा. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दुहे, म्हणजे आमच्याकडचे दोहे, म्हणणारे. ड्रायव्हर त्याच्या दारात उकिडवे बसायचे. "गढवी, होऊन जाऊ दे एक!" असं कुणीतरी म्हणायचं, आणि व्हायचं. एक संपलं की दुसरं.

वेलजीभाई तोवर मोटरसायकलला किक मारून उगाच रेंगाळत असायचा. आरसा पूस, पिशवी पुन्हा बांध. एकदा माझ्या खिडकीशी आला.

"लाभुबेन, लोकांना ह्या माणसात दिसतं तरी काय?"

"आवाज आहे त्याला," मी म्हटलं.

"आवाज तर कारखान्याच्या भोंग्यालाही आहे. त्याच्यापुढे कुणी पालखट मांडून बसतं का?"

दोघांत कॉम्प्युटर एकच होता, आणि आत जायचं नावही एकच, 'काटा'. पासवर्ड दोघांना ठाऊक. सकाळी वेलजीभाई स्क्रीनवर आपल्या नव्या दुमजली घराचा फोटो लावायचा. दुपारी हमीर तो काढून आपल्या घोडीचा लावायचा. सकाळी घोडी जायची, घर यायचं. वर्षानुवर्षं हे चाललं. त्यावरून कधी भांडण झालं नाही, बोलणंही झालं नाही. पाळी बदलताना "जय माताजी" म्हणायचं, किल्ली द्यायची, संपलं.

मग कारखाना अहमदाबादच्या एका मोठ्या कंपनीने घेतला. आधी गेटवरची पाटी बदलली, मग तिकडून ध्वनी नावाची मुलगी आली. कॉम्प्युटरची इंजिनिअर. पाठीला बॅग, पायात कॅनव्हासचे बूट. हिशेबाचं ऑफिस, भांडार, प्रयोगशाळा असं करत करत ती एका सकाळी काट्यावर पोचली.

"काका, आता 'काटा', 'ऑफिस' अशा नावांनी कुणी आत जायचं नाही," ती सांगत होती. "आपले सगळे कारखाने एकाच डोमेनमध्ये येणार. म्हणजे सगळ्यांची एकच मोठी यादी, ती अहमदाबादला. ज्याचं त्याचं नाव, ज्याचा त्याचा पासवर्ड."

"आणि आमचं आतलं सामान?"

"त्यासाठीच तर आले आहे. जुन्या नावाखालचं सगळं उचलायचं आणि नव्या नावाखाली ठेवायचं. फोटो, फायली, ट्रकच्या नंबरांची यादी, सगळं जागच्या जागी. तुम्हाला फरक कळणारही नाही." मग ती थांबली. "पण इथे तुम्ही दोघं बसता ना? हे एकाच्याच नावावर जाईल. दुसऱ्याला कोरं..."

"माझ्या नावावर," वेलजीभाई म्हणाला. तिचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं.

"दुसऱ्या काकांना विचारू एकदा?"

"त्याला काय विचारायचं? हा काटा बसला तेव्हा पहिली चिठ्ठी मी फाडलीय. तो नंतर आला."

दुपारी ध्वनीनेच हमीरला सांगितलं. बिचारी अवघडून उभी होती, की आता हा मिशीवाला ओरडणार. हमीर हसला.

"बरं केलंस बेटा. वेलजीभाई मोठा आहे, त्याच्याकडेच राहू दे. त्यात माझी थोडी गाणी आहेत, तेवढी सवडीने काढून दे. घाई नाही."

वेलजीभाई दारात हेल्मेट घालत होता. त्याने हे ऐकलं. हमीर तणतणला असता, साहेबाकडे गेला असता, तर वेलजीभाई त्या दिवशी आनंदाने घरी गेला असता. तसं काही झालं नाही. हेल्मेटचा पट्टा त्याला तीनदा लावावा लागला.

सोमवारपासून वेलजीभाई स्वतःच्या नावाने आत जाऊ लागला. ध्वनी म्हणाली होती तसंच, सगळं जागच्या जागी. ट्रकचा अर्धा नंबर टाकला की पुढचा आपोआप उमटायचा. ड्रायव्हरचं नाव, मालक, गाव, सगळं तयार. दोन दिवस तो जो येईल त्याला दाखवत होता. मला तर हाताला धरून नेलं. "बघा बेन, एक टिंबसुद्धा हललेलं नाही."

हमीरच्या वाट्याला निळी कोरी स्क्रीन आली. यादी नाही, काही नाही. प्रत्येक ट्रक नव्याने लिहायचा. आता ट्रकमध्ये बसून नंबर ओरडून भागेना. ड्रायव्हरला खाली उतरून खोलीत यावं लागे आणि सगळं सांगावं लागे. ते तर त्यांना हवंच होतं.

"मेरामण, नाव नीट सांग. नवं घर आहे, एकदा लिहिलं की पुसायचं नाही," हमीर म्हणायचा.

"लिही, मेरामण ओडेदरा. आणि पुढे लिही, माणूस देखणा."

"देखणा लिहायला जागा नाही. 'ट्रक जुना' एवढंच मावतं."

आणि हशा. कुणी मोबाइलमधून गाणी आणून द्यायचं, कुणी कोऱ्या स्क्रीनवर लावायला फोटो द्यायचं. दर दिवशी नवा फोटो. एकाने उंटाचा दिला, एकाने आपल्या आईचा. आठवड्याभरात ती खोली म्हणजे लग्नाचा मांडव झाली. चहावाला आधी दुपारी एक किटली आणायचा, तो दोन आणू लागला.

वेलजीभाई आता घरी जाताना रेंगाळायचा नाही. सरळ माझ्या खोलीत येऊन पाणी मागायचा आणि बसून राहायचा. पलीकडे हशा झाला की त्याचे जबडे आवळायचे.

"मला सांगा, कोरं कुणाला मिळालं? त्याला," तो एकदा म्हणाला. "भरलेलं कुणाला मिळालं? मला. मग कौतुक त्याचं कसं?"

मी गेटपास फाडत राहिले.

मग त्याच्या मनाने घेतलं की सगळी जादू दुपारची आहे. सकाळी ड्रायव्हर घाईत असतात, दुपारी निवांत. त्या निवांतपणाचा फायदा हमीर उठवतो. तो मॅनेजर रंगपरिया साहेबांकडे गेला. पित्ताचा त्रास आहे, पहाटे उठवत नाही, मला दुपारची पाळी द्या. त्याचा हक्क मोठा. साहेबांनी हमीरला विचारलं. हमीर म्हणाला, "घोडीला मी चारलाच उठतो साहेब, मला काय!"

दुपारच्या पहिल्या दिवशी वेलजीभाई ताज्या वळलेल्या गाठियांचा मोठा पुडा घेऊन आला. बरोबर तळलेल्या मिरच्या, कच्च्या पपईचा परतलेला संभारा. दार सताड उघडं ठेवलं. माझ्याकडून दोन स्टुलं मागून नेली. उदबत्तीही दुसऱ्या वासाची लावली.

तीन वाजले. चार वाजले. एक ट्रक आला, तोही भाड्याचा, मारवाडचा, पहिल्यांदाच आलेला. ड्रायव्हरने चिठ्ठी घेतली आणि रस्ता विचारून गेला.

झालं होतं असं की मातीवाल्यांनी आपल्या वेळा बदलल्या होत्या. खाणीवर रात्रीच भरून पहाटे निघायचं, म्हणजे उजाडताना गढवीच्या काट्यावर. ट्रकमालक म्हणाले, वा, ड्रायव्हर सुधारले. संध्याकाळी वेलजीभाईने तो पुडा माझ्या टेबलावर ठेवला.

"घ्या. मऊ पडलेत, पण मुलं खातील."

त्याचा चेहरा उतरला होता. पण खरं सांगते, त्यात दुःखापेक्षा जळणं जास्त होतं. डोळे असे की समोर हमीर असता तर त्याने तो पुडा त्याच्या तोंडावर फेकला असता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हमीरच्या वडिलांची पुण्यतिथी आली. वडील नामांकित गायक, आयुष्यभर भजनं म्हटली, पण ध्वनिमुद्रण केलेलं एकच, गावच्या कुणीतरी केलेलं. ते वेलजीभाईकडे राहिलेल्या त्या गाण्यांत होतं. दोन वाजता किल्ली देताना हमीर म्हणाला, "वेलजीभाई, ती माझी गाणी... बापूंचं एक आहे त्यात. गावी लावायचंय. तेवढं काढून घेतो."

"ती गेली," वेलजीभाई म्हणाला.

"गेली म्हणजे?"

"हलवताना गेली. त्या पोरीने घालवली. मी पाहिलं, काही नाही."

पत्र्यापलीकडे इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही की मी उठून खिडकीशी गेले. हमीर स्टुलावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. मग उठला आणि चालत गेटबाहेर गेला. त्याची गाडी इथेच राहिली.

रंगपरिया साहेबांचा हमीरवर जीव. त्यांनी अहमदाबादला फोन करून ध्वनीच्या वरिष्ठाला फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी ध्वनी स्वतः बसने आली. डोळे सुजलेले.

"मी तपासून हलवलं होतं साहेब. सगळं होतं," ती एवढंच परत परत म्हणत होती.

पाळी बदलायच्या वेळेला सगळे काट्यावर जमले. साहेब, ध्वनी, हमीर, आणि दारात मी. ध्वनी म्हणाली, "वेलजीकाका, तुमच्या नावाने आत जा ना जरा." त्याने पासवर्ड दोनदा चुकवला. तिसऱ्यांदा घर उमटलं, दुमजली, गच्चीवर टाकी. आणि त्याच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, फोल्डर. 'गढवी'. त्याने ते लपवायचीही तसदी घेतली नव्हती. त्याच्या नावाखाली दुसरं कोण डोकावणार होतं?

ध्वनीने उघडलं. एकावर क्लिक केलं. एका म्हाताऱ्याचा आवाज त्या छोट्याशा खोलीत भरला, थरथरता, पण सुराला पक्का. मागे कुत्रं भुंकत होतं, झांजा वाजत होत्या. हमीरने टोपी काढली.

गाणं संपेपर्यंत कुणी हललं नाही.

"काका," ध्वनी म्हणाली, "मला कामावरून काढायला निघाले होते."

वेलजीभाई कीबोर्डकडे बघत होता.

"माझ्यावर राग होता तर मला शिवी द्यायची होतीस," हमीर शांतपणे म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो त्याला 'भाई' न लावता बोलला. "ह्या लेकराच्या पोटावर का उठलास, वेलजी?"

त्याने गाणी घेतली आणि गेला. साहेब काहीतरी कडक बोलणार होते, पण वेलजीभाईनेच टेबलावरचा फोन उचलला, अहमदाबादला लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मुलीची काही चूक नाही. मी खोटं बोललो." आवाज कोरडा, चिठ्ठी वाचल्यासारखा. पण म्हणाला.

ध्वनीची नोकरी वाचली, वेलजीभाईचीही राहिली. दुपारची पाळीही राहिली. ती बदलून मागायचं तोंड त्याला नव्हतं. हमीर किल्ली देतो, "जय माताजी" म्हणतो, त्यापलीकडे शब्द नाही. एकदा चिठ्ठ्यांचे गठ्ठे माझ्याकडे द्यायला आला असताना वेलजीभाई आपणहून बोलला. "बेन, मला त्याची गाणी नको होती. घोडी नको होती. कुणीतरी एकदा माझ्या दारात उगाच बसावं, काम नसताना, एवढंच होतं." "आणि त्याच्या दारात बसू नये," हेही म्हणाला. ते मला आवडलं नाही, पण खोटं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मेरामणच्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला आणि ट्रक दुपारी पोचला. रिकामा व्हायला वेळ होता, ऊन मी म्हणत होतं, म्हणून तो वेलजीभाईच्या खोलीत पंख्याखाली येऊन बसला. शेवटी मेरामणला राहवेना.

"सकाळी गढवीने काय धमाल केली माहीत आहे? अहमदाबादहून आलेल्या नव्या साहेबाला सांगतो, आमच्या काट्यावर माणूसही तोलून मिळतो..."

तो रंगून सांगत राहिला, स्वतःच मांडीवर थापा मारत. मी खिडकीतून वेलजीभाईकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, मानेची शीर ताठ.

"मग साहेब काय म्हणाला?" त्याने विचारलं.

मेरामणने तेही सांगितलं आणि खो खो हसला.

"एवढं काही हसण्यासारखं नाही त्यात," वेलजीभाई म्हणाला, आणि आपल्या कपातला अर्धा चहा त्याने मेरामणच्या रकाबीत ओतला.