मोटारीच्या नळीला चिंचोक्याची खळ

माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, पाठवणी बेळगावजवळच्या शहापुरातल्या आमच्या घरातून मोटारीनं झाली. मोटार जुनी, पण निपाणीच्या तंबाखूवाल्या सासरची, त्यामुळे अख्खी गल्ली बघायला लोटली. मी पाठराखीण. निघण्याआधी ड्रायव्हरनं बॉनेट उघडून नळ्या दाबून पाहिल्या. रेडिएटरची वरची रबरी नळी फुगून चिरली होती. लढाईचे दिवस, बेळगावच्या बाजारात रबर औषधालाही मिळेना. आणि दिवस मावळायच्या आत सुनेचं पाऊल घरात पडलंच पाहिजे, असा विहीणबाईंचा हेका.

तेव्हा आमचे वडील, आप्पा, पुढे झाले. आम्ही विणकर. त्यांनी नळी काढायला लावली, तिच्यावर सुताचे घट्ट वेढे दिले, वर चिंचोक्याची खळ थापली आणि शेगडीजवळ वाळवली. नळी लाकडासारखी कडक झाली. विहीणबाईंनीही मान डोलावली. आप्पा असे खुलले की आपलं काम कसं टिकतंय ते बघायला स्वतःच पुढे, ड्रायव्हर आणि मेव्हण्यांशेजारी, चढून बसले; मागे विहीणबाई, आक्का आणि मी.

वंटमुरीच्या घाटात इंजिन तापलं. आधी आंबूस वास आला, मग वाफ. बॉनेट उघडलं तर खळ पेजेसारखी ओघळत होती आणि सुटलेलं सूत पंख्यात गुंतलं होतं. कढत पाण्यात खळ जाते, हे आप्पांना काय कुणी सांगायला हवं होतं? पहिल्या धुण्यात खळ जाऊन लुगडं मऊ होतं, असं तेच गिऱ्हाइकांना सांगायचे. विहीणबाईंनी नाकाला पदर लावला. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

ड्रायव्हरनं लांब कापड मागितलं. कुणी काही म्हणायच्या आत आप्पांनी डोक्याचा पटका सोडला. विहिणीसमोर, जावयासमोर मुलीचा बाप बोडका! आमच्याकडे तसं उघड्या डोक्यानं माणूस फक्त मर्तिकात दिसायचा. पटका नळीवर आवळला, ओढ्याचं पाणी भरलं, आणि ठिबकत का होईना, मोटार चालू झाली. समोर आप्पांचं घामेजलेलं टक्कल होतं. मी मांडीवरच्या ओटीकडे बघत बसले.

निपाणीच्या वेशीवर वाजंत्री उभी दिसली. आक्कानं ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. मग पुढे वाकून हळूच म्हणाली, "आप्पा, तुमी हितंच उतरा."

हे कुणीतरी म्हणावं असं घाटापासून मलाही वाटत होतं. तिच्या तोंडून ते ऐकलं आणि मला आम्हा दोघींचीच लाज वाटली.

आप्पा उतरले. विहीणबाईंना हात जोडले. आणि लेकीला मागं वळून बघावं लागू नये म्हणून की काय, मोटार हलायच्या आधीच बेळगावच्या दिशेनं चालू लागले.