अनुसयाबाईंचे अठरा बोल्ट

अनुसयाबाईंच्या दुकानात बोल्ट मागितला की लगेच मिळायचा नाही. आधी प्रश्न यायचा, "कुठं लावणार?" उत्तर पटलं नाही तर त्या गिऱ्हाइकाला सरळ परत पाठवत. शहरातल्या द्वारका चौकाजवळ ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांच्या रांगेत त्यांचं नटबोल्टचं दुकान होतं. नवरा गेल्यापासून त्या ते एकट्याच चालवत होत्या.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. माझ्या डॉक्टर वडिलांची जुनी इंग्लिश मोटार शेडमध्ये सात-आठ वर्षं पडून होती. ते गेल्यावर ती पुन्हा रस्त्यावर आणायचीच, असं मी ठरवलं होतं. सस्पेन्शन उतरवून झालं होतं, नवे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, तयार होते. मागच्या पाट्यांचे बोल्ट तेवढे राहिले होते.

"अर्धा इंची, बारीक आट्याचे सहा द्या. सगळ्यात कडक असतील ते."

"कडक कशाला, मॅडम? होता तसाच घालायचा. जुने कुठं हायत?"

"भंगारात टाकायला ठेवलेत."

"ते घेऊन या. त्याबिगर देणार नाय."

दुसऱ्या दिवशी मी गंजके बोल्ट नेले. बाईंनी ते रॉकेलमध्ये भिजवले, तारेच्या ब्रशने घासले आणि एकाचं डोकं माझ्यापुढे धरलं. गंजाखालून इंग्रजी 'एस' वर आला होता.

"जुन्या इंग्लिश गाडीला अक्षर असतं," त्या म्हणाल्या. "जीपच्या बोल्टाला रेघा. तीन असल्या तर मजबूत, सहा असल्या तर त्याच्याहून मजबूत, एकबी नसली तर पत्र्याच्या दाराला लावा. मिलिमीटरवाल्याला आकडे. आन् शेजारी बनवणाऱ्याची खूण. ताकद लिहून भागत नाय, ती कुणी लिहिली तेबी दिसलं पायजे."

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत होते. ताण सोसणाऱ्या तारेचे आलेख वर्षानुवर्षं फळ्यावर काढत होते. बोल्टच्या डोक्यावर काही वाचायचं असतं, हे मला चाळिशीत कळलं. 'एस'च्या जागी चालतील असे तीन रेघांचे सहा बोल्ट बाईंनी मला दिले.

आठवड्याने गॅरेजमध्ये मिस्त्री ते आवळत होते. ठरलेला जोर लागला की पान्यातून 'टक्' असा आवाज यायला हवा होता. एका बोल्टला तो येईचना. बोल्ट नुसताच फिरत राहिला. मी तो काढून बाईंकडे नेला. त्यांनी शेजारी दुसरा खात्रीचा बोल्ट धरून आट्यांना आटे भिडवले. वर जुळले, खाली सरकले.

"ताणला गेलाय," त्या म्हणाल्या. दोन्हींवर कानस मारून पाहिली. दुसऱ्यावर ती जेमतेम घासली, माझ्या बोल्टात सहज रुतली. मग त्यांनी डोकं बघितलं. तीन रेघा होत्या. बनवणाऱ्याची खूण नव्हती.

बाईंनी बोल्ट काउंटरवर ठेवला. "रेघा बघितल्या, खूण नाय बघितली. चूक माझी."

नव्या व्यापाऱ्याकडून आलेल्या त्या खोक्यात चोवीस बोल्ट होते. सहा मला दिलेले; माझी गाडी अजून गॅरेजमध्येच होती. उरलेले अठरा सुरगाण्याच्या तीन जीपवाल्यांनी पाट्यांसाठी नेले होते.

"निरोप पाठवा ना स्टँडवर," मी म्हटलं.

"निरोपानं बोल्ट निघत नाय."

त्यांनी दुकान बंद केलं, अठरा खात्रीचे बोल्ट पिशवीत घातले आणि वणीवरून जाणारी एसटी धरली. मीही बरोबर गेले. सुरगाण्याला बाजार होता, त्यामुळे तिघेही जीपवाले सापडले. दुपार टळेपर्यंत दोन जीपचे बारा बोल्ट बदलून झाले. तिसरा, हिरामण, निघायच्या तयारीत होता. दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला जाणारी माणसं जीपमध्ये दाटीने बसली होती. मांडीवर पोरं, पायांशी भांडी. पुढे घाट होता.

"मावशी, गाडी नीट चालते. माणसं खोळंबलीत. परवा बघू."

बाईंनी वाद घातला नाही. चढून पुढच्या सीटवर बसल्या. "चल मग. मीबी येते. बोल्ट मी दिलेत, ते खोटे हायत. घाटात तुटले तर या लेकरांसंगं मीबी हाय."

मागच्या एका बाईने हे ऐकलं. ती पोराला घेऊन खाली उतरली. मग दुसरी उतरली, मग सगळेच. हिरामणने इंजिन बंद केलं. रागाने तो जीपखाली शिरला आणि पहिला बोल्ट काढून त्याने बाईंच्या हातात आपटला. बाईंनी त्यावर नट चढवून तो त्याच्यापुढे धरला.

"फिरव."

हिरामणने दोन बोटांनी नट फिरवला. अर्ध्यावर, आटे ताणले गेले होते तिथे, तो अडला. त्याने पुन्हा जोर लावून पाहिला, एकदा घाटाच्या दिशेने बघितलं आणि जीपखाली शिरून उरलेले पाच काढले.

त्यानंतर कितीतरी वर्षं बाई प्रत्येक गिऱ्हाइकाला ही हकिगत स्वतःहून सांगत. मी एकदा म्हटलं, "आता कशाला? लोक विसरले."

"विसरू नये म्हणूनच. लोक माझ्यावर भरवसा ठेवतात, मंग डोकं बघत नायत. त्यांनी बघितलं पायजे."

माझी गाडी रस्त्यावर आली, त्यालाही पुढे सहा-सात वर्षं झाली. एकदा शॉकअपचा बोल्ट घ्यायला गेले. बाई थकल्या होत्या, नजर कमी झाली होती. त्यांनी दिलेला बोल्ट मी उजेडात धरला. रेघा स्पष्ट होत्या, खूण अर्धवट उठली होती. मी घुटमळले. मग तो काउंटरवर परत ठेवला.

"हा नको, बाई. दुसरा द्या."

त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, अंगठा फिरवला आणि बाजूच्या भंगाराच्या डब्यात टाकला. दुसरा काढून माझ्या हातात ठेवला आणि मी तो नीट पाहीपर्यंत थांबून राहिल्या. त्याच वर्षी त्या गेल्या.