बोंडे मॅडमची कपाटं

बोंडे मॅडमची आणि माझी ओळख एका फाटक्या बुटामुळे झाली. अकोटच्या मुलींच्या शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून मी रुजू झाले, त्या पहिल्याच दिवसाची गोष्ट. डबा ठेवावा म्हणून स्टाफरूममधलं लोखंडी कपाट उघडलं, तर वरच्या कप्प्यातून एक कॅनव्हासचा बूट थेट माझ्या खांद्यावर पडला. अंगठ्याजवळ भोक, तळ झिजलेला, वरून वाळलेली काळी माती. अंगावर नवी साडी! माझं डोकंच फिरलं. शिपायाला हाक मारून म्हटलं, हे कोणी ठेवलं इथे, आधी बाहेर टाका. शिपाई हसला, पण जागचा हलला नाही. तेवढ्यात गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एक उंच, सावळ्या बाई मैदानावरून आत आल्या. त्यांनी बूट उचलला, पदराने पुसला आणि मला म्हणाल्या, "मॅडम, हा मंदाचा आहे. परवाची फायनल याच बुटात जिंकली तिनं."

"मग मंदालाच देऊन टाका ना," मी म्हटलं.

"तिची माय चुलीत घालते," त्या म्हणाल्या आणि बूट पुन्हा वरच्या कप्प्यात ठेवला. मी माझा डबा टेबलावर ठेवला. निवृत्त होईपर्यंत तो टेबलावरच राहिला.

श्रीमती शकुंतला बोंडे, म्हणजे आपल्या सर्वांच्या बोंडे मॅडम, यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. गौरव समितीने मला बजावलं आहे की मॅडमचं क्रीडाकार्य, शिस्त आणि स्वभाव यांवर सविस्तर लिहा, तो जुन्या वस्तू जमवायचा छंद दोन ओळींत उरका. समितीची क्षमा मागून सांगते, मला ते जमणार नाही. त्या छंदापायी मॅडम आज अकोटच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. ज्यांनी त्यांच्यावर प्रेम केलं, त्यांनाही तो कधी कळला नाही. मलाही कळायला फार वर्षं लागली. कात्री चालवायचीच असेल तर सगळ्याच लेखावर चालवा.

कार्याविषयी आधी सांगते. मॅडम मूळच्या हिवरखेडच्या, शेतकरी घरातल्या. खो-खोचं वेड त्यांना कुठून लागलं देव जाणे, पण त्यांच्या हाताखाली आलेली मुलगी मैदानातल्या पाटीवर खो मिळायची वाट पाहत बसली की तिच्या डोळ्यांत वेगळंच पाणी दिसायचं. मुली मिळवणं आणि टिकवणं हेच मोठं दिव्य होतं. मंदाचे वडील भाजीपाला पिकवणारे. एक फायनल झाली तेवढी पुरे, आता भेंडी तोडायची आहे, पोरगी सोडत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच मॅडम त्यांच्या वावरात हजर! पदर खोचून मंदाच्या बरोबरीने ओळीच्या ओळी तोडल्या आणि टोपली बापापुढे ठेवून म्हणाल्या, "झाली न भेंडी? आता नेतो तिले." भेंडीची लव लागून त्यांचे हात सुजले होते. तशाच हाताने त्या शिट्टी वाजवत होत्या आणि स्टाफरूममध्ये येऊन कराकरा खाजवत होत्या. आम्ही हसत होतो. मंदा मात्र त्या वर्षी राज्य संघात गेली आणि खिशावर बिल्ला शिवलेला निळा ब्लेझर घालून परत आली.

मंदाचं लग्न अकोल्याच्या एका मोठ्या व्यापारी घरात ठरलं. मॅडमना आनंद झाला, आणि त्या आनंदात त्यांनी एक भाबडा हट्ट धरला. रुखवतात ब्लेझर आणि पदकं मांडायची! विणलेले रुमाल, मण्यांची तोरणं, शंकरपाळ्यांचा डोंगर, कापसाचा ससा, आणि या सगळ्याच्या मधोमध पोरीचा ब्लेझर. "ससा तर तिनं केलाबी नाई, मावशीनं केला," मॅडम म्हणाल्या, "ब्लेझर तर तिनं स्वतः कमावला." त्यांनी तो स्वतः इस्त्री करून मांडला. मंदाच्या आईने पाहिलं मात्र, बिचारीला घामच फुटला. "बाप्पा बाप्पा! व्याह्यानं इचारलं तं काय सांगू मॅडम? पोट्टी चड्डी घालून गावोगाव पळत होती म्हून?" ब्लेझर उचलला गेला. त्या जागी शेव-चिवड्याचं ताट आलं. पाठवणीच्या गर्दीत मंदाने एक पिशवी मॅडमच्या हातात दिली. आत ब्लेझर, पदकं, छातीवरचा कापडी नंबर आणि गुडघ्याची पट्टी. म्हणाली, "तुमच्याजवळ राहू द्या."

तिथून सुरुवात झाली. एकीचं कळलं तशी दुसरी आली, तिसरी आली. लग्न ठरलं की पोरी मॅडमच्या दारात एक पिशवी ठेवून जायच्या. पुढेपुढे मॅडमना स्वतःलाच त्याची चटक लागली. एसटीने गावोगाव हिंडायच्या, भंगारवाल्यांच्या ढिगात हात घालायच्या, कुठे जुन्या संघाचा फोटो दिसला की मागूनच घ्यायच्या. एका घरी कोंबड्या पितळी करंडकात पाणी पीत होत्या. मॅडमनी बाजारातून नवं घमेलं आणून कोंबड्यांपुढे ठेवलं आणि करंडक बगलेत मारून निघाल्या. घरधनी मागून ओरडला, "बाई बह्याड झाली का वो?" बाईंनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

पण घरच्या लोकांना असं टाळता येत नाही. दर दिवाळीला हिवरखेडला भावाकडे गेल्या की वहिनी छेडायच्या, "परायांच्या पोट्ट्यांचे जुने कपडे कायले जमवता, माय? सोनं जमवलं असतं तं कामी पडलं असतं." एकदा मॅडमनी समजावून पाहिलं. म्हणाल्या, "वहिनी, तुमी तुमच्या आईची गोधडी ठेवलीच न?" वहिनी म्हणाल्या, "ते माह्या आईची हाये. हे कोणाचं हाये, सांगा बरं?" मॅडम गप्प बसल्या. उत्तर माहीत असून गप्प का बसल्या, ते मला तेव्हा समजलं नाही. मला वाटलं, उत्तरच नसेल.

आम्ही मैत्रिणी तरी कुठे शहाण्या होतो! आमची भिशी त्यांच्या घरी असली की त्या अगोदर कपाटं उघडून ठेवायच्या. कपड्यांच्या घड्यांमध्ये कडुलिंबाचा पाला, बुटांत कागदाचे बोळे, सगळं नीटनेटकं. आम्ही आलुबोंडे खायचो, सुनांची गाऱ्हाणी करायचो, नि जाताजाता एखादी म्हणायची, "यातली कोणी फेमस झाली का?" मॅडम म्हणायच्या, नाही. "मग?" या 'मग'पुढे त्या नुसत्या हसायच्या. आम्ही गेल्यावर त्या एकट्याच सगळं परत लावत असतील, हा विचार माझ्याही मनात कधी आला नाही. मॅडमनी लग्न केलं नाही. घरात बोलायला माणूस नाही. निवृत्तीनंतर एकदा त्या मला सहज म्हणून गेल्या, "दिवस निघून जाते वो. संध्याकाळ जात नाई."

दोन वर्षांपूर्वी मॅडम न्हाणीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन अमरावतीला झालं. त्यांचा भाचा प्रशांत तिथे कोचिंग क्लास चालवतो. पोरगा गुणाचा, हे मी मुद्दाम लिहिते. त्याने खालच्या मजल्यावर आत्यासाठी खोली काढली, भिंतीला धरायला दांडे बसवून घेतले. त्याची बायको रोज पायाला तेल लावायची. महिनाभर मॅडम माणसांत राहिल्या आणि त्यांचा चेहरा खरंच फुलला होता, मी डोळ्यांनी पाहिलं. प्रशांत म्हणाला, "आत्याबाई, आता परत जाचं नाव काढू नका. फक्त ते कपाटं काही इथं माव्हत नाई. त्याचं पाहा काहीतरी." बरोबरच होतं त्याचं. फ्लॅट केवढासा, कपाटं केवढी! मॅडमनी ठरवलं की जिचं तिला नेऊन द्यायचं आणि अमरावतीला जाऊन राहायचं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! सोबत म्हणून मीच तयार झाले. पहिली पिशवी अर्थात मंदाची.

हातात काठी, काखेत पिशवी, अशा मॅडम माझ्याबरोबर एसटीने अकोल्याला आल्या. मंदाचं घर मोठं, चकचकीत. मंदा आता साठीची, सोन्याने मढलेली, गुडघे धरून उठणारी. तिने मॅडमना वाकून नमस्कार केला, सुनेला सांगितलं, "आमच्या शाळेच्या मॅडम." चहा आला. मॅडमनी हळूच ब्लेझर बाहेर काढून टीपॉयवर ठेवला. सून कौतुकाने पुढे झाली, "आई! तुम्ही खेळत होत्या?"

मंदाने ब्लेझरकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. "मी? नाई वो. मॅडमची दुसरी कोणी मंदा असन."

मी कप खाली ठेवला. मी काही बोलणार, तोच मॅडमचा हात माझ्या मनगटावर आला. "हो वो," त्या सुनेला म्हणाल्या, "माह्यंच चुकलं. म्हातारपण हाये, नावांचा घोळ होते." आणि त्यांनी ब्लेझरची घडी घातली, बाही आत, बिल्ला वर, अगदी सावकाश. मग सुनेला तिच्या बाळाचं वय विचारलं. मी आयुष्यात इतका मोठा माणूस पाहिलेला नाही.

फाटकापर्यंत पोचवायला मंदा एकटीच आली. ऑटोत बसवताना तिने मॅडमचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. शेवटी ऑटोवाल्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मॅडम, फेकू नका बरं."

बसस्टँडवर मी भडकले. मला राग आवरत नाही, हे आपण सारे जाणताच. म्हटलं, "कावून सांभाळता तुमी हे? जिचं हाये तिलेच लाज वाटते!" मॅडम बाकावर टेकल्या. म्हणाल्या, "लाज नाई, भीती वाटते तिले. इतके वर्षं घरात सांगतलं नाई, आता कसं सांगाव? सून म्हणन, काहून लपवलं? अन् मी तिचं नाव सांगतलं असतं तं? मी कोणाचंच नाव सांगत नाई. म्हून मले कोणाले समजावूनच सांगता येत नाई." मग पिशवी मांडीवर ओढून म्हणाल्या, "तिले पळताना बापानं नाई पाह्यलं, नवऱ्यानं नाई पाह्यलं. म्या पाह्यलं. म्या हे टाकून देल्लं तं पाहणारं कोणी राह्यलंच नाई." वहिनींपुढे आणि आमच्या 'मग'पुढे त्या इतकी वर्षं गप्प का बसल्या, ते मला त्या बाकावर कळलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्या संध्याकाळी मॅडमनी प्रशांतला फोन केला. "बाबू, मी नाई येत." पलीकडून तो कळवळून म्हणाला, "आत्याबाई, तुमाले जुन्या कपड्याचं पडलं, आमचं काहीच नाई?" मॅडमचे डोळे भरले. एक नाव सांगितलं असतं तर पोराला सगळं समजलं असतं. त्या म्हणाल्या, "तसंच समज." आणि फोन ठेवला. प्रशांत महिन्या-दीड महिन्याने येतो, किराणा भरून देतो, पण पूर्वीसारखा बसत नाही. प्रशांत, हा लेख तू वाचशील म्हणूनच मी हट्टाने लिहिते आहे. तुझ्या आत्याला तुझ्या घरी यायचं होतं, अरे. तिथल्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं ते त्या मला अजून सांगतात. (मंदा हे अर्थात खरं नाव नाही, तिच्या सासरचं गावही बदललं आहे. लेखाचा मसुदा मॅडमना दाखवला, तर त्यांनी पहिली दुरुस्ती हीच केली. दुसरी दुरुस्ती त्यांच्या स्वतःच्या मोठेपणाचं वाक्य खोडण्याची होती, ती मी मानली नाही.)

लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतावं, अशी समितीची सूचना आहे. ते चिंतते, पण रीत म्हणून नाही. मॅडम, तुमच्यामागे ही कपाटं कोण उघडेल, मला माहीत नाही. मी घेतली असती, पण मी तुमच्याहून थोडकीच लहान, आणि माझ्या मुलालाही हे समजावून सांगून पाहिलं, तोही 'मग?' म्हणाला. तेव्हा काठी विसरू नका. न्हाणीत ओल्या फरशीवर पाय टाकू नका. गोळ्या वेळेवर घ्या. संध्याकाळी करमलं नाही तर मला फोन करा, मीही घरात एकटीच असते. कुठे कुठे साठी ओलांडलेल्या बायका आहेत, आपण खेळत होतो, हे त्यांना घरात अजून सांगायचं आहे. एखादी उद्या धीर करून सुनेला किंवा नातीला घेऊन तुमच्या दारात येईल. ती येईल तेव्हा दार उघडायला तुम्ही लागाल.